स्तामेनाबाईचं राखणीचं अंडं

स्तामेनाच्या हातचा लाल रंग आमच्या आळीत दुसऱ्या कुणाला कधी जमला नाही, आणि ही गोष्ट तिने कुणाला विसरूही दिली नाही. कांद्याची सालं सगळ्याच बाया जमवतात, व्हिनेगर सगळ्याच घालतात. पण ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी तिच्या पातेल्यातून जे पहिलं अंडं वर यायचं, ते बघून शेजारणींची तोंडं बंद व्हायची. पहिलं अंडं म्हणजे राखणीचं. ते फोडायचं नाही, खायचं नाही. वर्षभर देवाच्या तसबिरीपाशी ठेवायचं, घर राखायला. आणि ईस्टरच्या सकाळी तेच अंडं पोरांच्या गालांवरून फिरवायचं आणि म्हणायचं, या अंड्यासारखा लाल हो, निरोगी हो.

आता कुणाचं अंडं गुलाबी निघायचं, कुणाचं विटकरी. स्वतःच्या पोराला विटकरी गाल कोण मागेल? म्हणून आळीतल्या आया पोरं काखोटीला मारून स्तामेनाच्या फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या. तिनेही कधी कुणाला परत पाठवलं नाही. जोड्यांच्या कारखान्यात हयात गेली, कारखाना बंद पडला, नवरा गेला, राहिल्या कोंबड्या आणि हा मान. बाजारात एखादा टकल्या, ढेरपोट्या बाप्या भाजी निवडताना दिसला, तरी त्याच्या गालांकडे बघून ती खुशाल म्हणायची, "हा माझा."

अशा बाईला नातू झाला. नाव वुकान. मुलगा ओग्न्येन लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, त्यामुळे तो घरात असून नसल्यासारखा. सून इसिदोरा सर्बियातल्याच निश शहरात दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत हिशेब बघते. बाळंतपणाची वर्षाची रजा संपली की पोर सासूकडे ठेवायचं आणि शनिवार-रविवारी येत जायचं, असं पोर पोटात असतानाच ठरलेलं. स्तामेनाने पाळणा रंगवून ठेवला होता. लालच, हे सांगायला नको.

वुकान पहिल्यांदा आळीत आला तेव्हा रीतीप्रमाणे त्याला घरोघरी फिरवला. तान्हं मूल ज्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकतं, त्या घराने त्याला एक अंडं द्यायचं. नुसतं हातावर ठेवायचं नाही, कपाळाला लावायचं, गालाला लावायचं. कुणाचं तडकलेलं असतं, कुणाचं कोंबडीखालून नुकतं काढलेलं. पोराचे गाल आधीच थोडे खरखरीत होते. आळी संपेपर्यंत टोपली भरली आणि पोराचं तोंडही भरलं, लालभडक, गांधी उठलेलं.

"नजर लागली," शेजारची कोसारा म्हणाली.

मग नजर उतरवायला सगळ्यांनी रीतीप्रमाणे पोरावर थूथू केलं आणि "कसलं घाणेरडं ध्यान आहे" असं प्रेमाने म्हटलं. तेच सगळे नुकतेच ऑम्लेट खाऊन उठलेले. पोर आणखी लाल झालं. मग आणखी थुंकले.

पुढे ईस्टरला स्तामेनाने आपलं राखणीचं अंडं त्या गालांवरून चांगलं रगडून फिरवलं. स्वतःचा नातू, मग हात राखून कशाला? आणि काय सांगावं, बाकीच्यांच्या पोरांचे गाल संध्याकाळपर्यंत उतरायचे, वुकानचे उतरलेच नाहीत. उन्हाळाभर मायलेकरं आळीतच राहिली, आणि गाल लालच. तिने त्याला बाबागाडीत घालून नदीपर्यंत मिरवला. लोक वाकून वाकून बघत. "याला म्हणतात रंग," ती म्हणायची. पोर रात्रभर गाल उशीला घासतं, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत ओरबाडून रक्त काढतं, आई झोपेविना अर्धी झाली, हे सगळं खरं. पण दात येत असतील, हवा कोरडी असेल, आईने टोमॅटो खाल्ले असतील. स्तामेनाने डुकराची चरबी चोळली. अक्रोडाच्या पाल्याच्या कढत पाण्यात बसवलं. लोकरीचं बंडी-टोपडं विणून घातलं. कोसाराने कॅमोमाइलची फुलं दिली. घराण्याचा कूम, म्हणजे लग्नातला मानाचा साक्षीदार, रातोमिर याने स्वतःच्या आलुबुखाराच्या दारूत भिजवलेल्या कापडाच्या घड्या आणल्या. त्या इसिदोराने खिडकीतून बाहेर टाकल्या आणि कोंबडा तीन दिवस तिरका चालला.

पहिल्या वाढदिवसाला स्तामेनाने सुनेची नजर चुकवून पोराला उकडलेल्या अंड्याचा घास भरवला. माझ्या कोंबडीचं अंडं, आणि माझ्याच नातवाने खायचं नाही? घास आत गेला आणि पोराचे ओठ सुजले, अंगभर चट्टे उठले, उलटी झाली, श्वास घरघरायला लागला. रुग्णवाहिका आली. आळीतल्या सगळ्यांनी ती जाताना पाहिली, आणि त्या दिवशी कुणी थुंकलं नाही.

शहरातली डॉक्टरीण तरुण होती, चष्मा केसांत खोचलेला. पोर सावरलं, इसिदोराच्या खांद्यावर झोपलं, तेव्हा तिने विचारलं, "याआधी अंड्याशी कधी संबंध आला होता का? त्वचेला वगैरे लागलं होतं?"

स्तामेना ताठ बसली. इतका वेळ तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"संबंध म्हणजे काय? प्रत्येक घरी लावलंय," ती म्हणाली. "आख्ख्या आळीत. आणि ईस्टरला मी स्वतः. गाल बघा की, माझ्या हातचा रंग आहे तो."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आजी, हा रंग नाहीये. ही सगळी कातडी सोलवटलेली आहे. एक्झिमा म्हणतात याला. याच्या कातडीचं कुंपण जन्मतःच कच्चं आहे, त्यात तुमचा दोष नाही. पण अशा उघड्या कातडीवरून पुन्हा पुन्हा अंडं आत शिरलं, की शरीर त्याला शत्रू समजायला लागतं. वर्षभर हे पोर खाजेने तळमळतंय."

स्तामेनाला आपण केलेली सगळी मिरवणूक आठवली. बाबागाडी, नदीकाठ, वाकून बघणारे लोक. पोर त्या वेळी गाल गाडीच्या दांडीला घासत होतं, आणि ती म्हणत होती, बघा कसं लाजतंय. घरी येईपर्यंत ती बसमध्ये आपलेच तळवे उलटसुलट करून बघत राहिली.

इसिदोराने पोर हिवाळाभर शहरातच ठेवलं. रजा बिनपगारी वाढवून घेतली. फोनवर तिने सासूला सांगितलं ते साधं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

"आई, मी भांडत नाहीये. ईस्टरला आम्ही येतोय. दिवसभर राहतो. त्या दिवसात त्याच्या अंगावर अंड्याचा एक चट्टा जरी उठला, तर मी त्याला माझ्या आईकडे नोव्ही सादला ठेवीन. तुमच्याकडे नाही. मला रोज कामावर बसून जीव टांगणीला लावून घेता येणार नाही."

नोव्ही साद म्हणजे देशाचं दुसरं टोक. तिथे ठेवलेलं पोर वर्षातून दोनदा दिसणार, तेही बूट घालून, निघायच्या घाईत. स्तामेना म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवून कोंबड्यांकडे बघत बसली.

ती काही करायला लागली की अर्ध्यावर थांबत नाही, हा तिचा जुनाच दोष. आधी तिने सगळ्या कोंबड्या कुंपणावरून कोसाराच्या अंगणात फेकल्या. डॉक्टरणीने फोनवर सांगितलं की कोंबड्या नव्हेत आजी, अंडी. "अंडी काय आकाशातून पडतात?" असं म्हणून तिने ऐकलं नाही. संध्याकाळी कोंबड्या रांगेने परत आल्या. तिने परत फेकल्या. शेवटी कोसारा म्हणाली, "अगं बाई, त्यांना पाय आहेत. तू दमशील, त्या नाही दमणार." मग कोंबड्या राहिल्या, पण अंडी रोज कोसाराकडे जायला लागली. लोकरीच्या बंड्या उसवल्या आणि त्या लोकरीचं पायपुसणं झालं. सुती झबली शिवली, शिवण बाहेरच्या बाजूला, आत टोचायला नको म्हणून. शहरात जाऊन ती सुनेकडून शिकून आली की पाणी कोमट हवं, अंघोळ थोडक्यात उरकायची, अंग टिपायचं, पुसायचं नाही, आणि ओलसर असतानाच ते पांढरं दाट मलम थापायचं. चट्टा उसळला तर डॉक्टरणीचं दुसरं मलम, तेही पातळ. शहरात गेली की पोराची नखं ती अशी कापायची की घड्याळ दुरुस्त करणाऱ्यानेही बघत राहावं.

आणि ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी तिच्या घरातून व्हिनेगरचा वास आला नाही.

आळीत हे कळायला दुपार लागली नाही. आया पोरं घेऊन फाटकाशी आल्या. स्तामेना बाहेर आली ती रिकाम्या हातांनी.

"यंदा अंडं नाही."

"म्हणजे?" कोसाराने विचारलं. "धर्म बदललास काय?"

"धर्म तोच आहे. अंडं नाही. आणि परवा माझ्याकडे येणार असाल, तर हात धुवून या. नाही, येऊच नका धुवून, मी इथे धुवायला लावीन. तोंडही."

"तोंड? अगं, सणाला तीनदा मुका घ्यायचा असतो."

"माझा घ्या. चाळीसदा घ्या. त्याचा नाही."

बायका कुजबुजत गेल्या. कुणी म्हणालं, शहरातल्या सुनेने म्हातारीला मुठीत घेतलंय. कुणी म्हणालं, हिचा रंगच संपलाय, म्हणून हे सोंग. हे दुसरं ऐकून तिला त्याच क्षणी पातेलं चुलीवर चढवावंसं वाटलं. खरंच वाटलं. कांद्याची सालं अजून पिशवीत होती. तिने ती पिशवी कचऱ्यात घातली, मग काढली, मग पुन्हा घातली.

ईस्टरच्या सकाळी फाटकाशी स्टूल, स्टुलावर घमेलं, साबण, टॉवेल, आणि शेजारी हातात किटली घेऊन स्तामेना. आत पायरीवर इसिदोरा, मांडीवर वुकान. आणि वुकानचे गाल, काय सांगू, पांढरे. म्हणजे पोराचे जसे असायला हवेत तसे. थोडेसे खरखरीत, जबड्यापाशी एक जुना डाग, बस्स. कुंपणाबाहेरून बायका हळहळल्या.

"किती उतरलंय पोर."

"रंगच गेला की त्याचा."

"ख्रिस्त उठला," स्तामेनाने सणाचा नमस्कार घातला.

"खरंच उठला," सगळ्या म्हणाल्या.

"हात," स्तामेना म्हणाली.

आणि काय आश्चर्य, सगळ्यांनी धुतले. सकाळपासून अंडी फोडून, सोलून, खाऊन आलेले हात. बोटांना लाल रंग लागलेला, घमेल्यातलं पाणी गुलाबी झालं. चुळा भरल्या. एका म्हाताऱ्याच्या मिशीत पिवळा बलक सापडला तेव्हा त्याला दुसऱ्यांदा बसवला. मग प्रश्न आला थूथूचा, कारण पोराला नुसतं बघून कसं जायचं, नजर लागते.

"थुंकायचं तर रस्त्याकडे तोंड करून थुंका," स्तामेना म्हणाली.

त्यामुळे असं दृश्य झालं की सगळी आळी वुकानकडे पाठ करून एका ओळीत उभी, आणि रस्त्यावर थुंकत म्हणतेय, "काय कुरूप पोर आहे, थू, थू." सणाचे नवे कपडे घालून पलीकडून जाणारा पोस्टमन थांबला आणि आपल्या कपड्यांकडे बघायला लागला. इसिदोरा ओठ दाबून बसली होती. हसू येत होतं की भीती वाटत होती, तिचं तिलाच कळत नसावं. तिची नजर पोराच्या गालांवरून हलत नव्हती.

मग कूम आला.

कूम म्हणजे कोण, हे ज्याला ठाऊक नाही त्याने आमच्याकडे लग्न करू नये. लग्नात साक्षीला उभा राहतो तो, पोराला नाव देतो तो. सख्ख्या भावाशी वैर धरता येतं, कूमशी धरता येत नाही. रातोमिर स्तामेनाच्या घराण्याचा कूम, त्याचा बापही कूम. शिवाय तो अंडी लढवण्यात आळीचा अजिंक्य वीर. टोकाला टोक भिडवायचं, ज्याचं फुटेल त्याचं अंडं दुसऱ्याने न्यायचं. रातोमिरचं कधी फुटलं नव्हतं. दर वर्षी तो जाकिटाच्या खिशातून एकच लाल अंडं काढायचा आणि टोपलीभर अंडी घरी न्यायचा. लोक म्हणायचे, तो कोंबडीला काहीतरी खायला घालतो. बाकी पोरांच्या गालांना स्तामेनाचं अंडं, पण कूमने नाव दिलेलं लेकरू असेल तर अंडं कूमचंच, ही त्याची समजूत.

"वहिनी, ख्रिस्त उठला." तो घमेल्याला वळसा घालून आत शिरला. "ऐकलं मी. तुम्ही यंदा अंडं रंगवलं नाही. काही बिघडत नाही. कूम मेलेला नाही अजून."

त्याने खिशातून अंडं काढलं.

"कूम, हात धुवा आणि ते परत खिशात घाला," स्तामेना म्हणाली.

"एकदा फिरवतो. एकदाच. पोर बिनराखणीचं राहील का? माझ्या बापाने तुमच्या ओग्न्येनच्या गालाला लावलं, माझ्या हातून याला लागायला नको?"

"नाही म्हटलं ना. त्याला सोसत नाही."

"अंडं सोसत नाही," रातोमिर सगळ्या आळीकडे वळून म्हणाला. "ऐका. माणसाला अंडं सोसत नाही. उद्या पाणी सोसणार नाही म्हणतील. वहिनी, कूमला नाही म्हणताय तुम्ही, एवढं लक्षात ठेवा."

कूमला नाही म्हणणारी बाई आजवर कुणी पाहिली नव्हती. इसिदोरा उठून उभी राहिली, पोराचा चेहरा तिने स्वतःच्या मानेत लपवला. रातोमिर पायरीवर चढला, अंडं पुढे केलं. इसिदोराने सासूकडे पाहिलं. ते बघणं म्हणजे नोव्ही सादचं तिकीट होतं.

स्तामेनाने किटली टाकली, दोन ढांगांत पायरी गाठली, रातोमिरच्या हातून अंडं हिसकलं आणि दात-ओठ खाऊन अंगणातल्या फरशीवर आपटलं.

ठक.

अंडं फुटलं नाही. ते तिच्या गुडघ्याएवढं उसळलं, पुन्हा पडलं, ठक, ठक, ठक, आणि गडगडत जाऊन घमेल्याच्या स्टुलाला टेकून थांबलं. कोंबडा आला, त्याने चोच मारली, आणि डोकं हलवून परत गेला.

मग कोसाराने वाकून ते उचललं, नखाने टोकरलं.

"लाकूड आहे," ती म्हणाली. "अक्रोडाचं."

रातोमिर पायरीवरच बसला. त्याचे गाल मात्र असे लाल झाले, की स्तामेनाच्या उभ्या आयुष्यात तिच्या हातून तसा रंग आला नव्हता.

"बापाचं आहे ते," तो पुटपुटला. "त्याने मरताना दिलं. म्हणाला, राख."

"माझी किती अंडी नेलीस रे तू मेल्या," कोसारा म्हणाली, आणि मागून आवाज उठायला लागले. कुणाची बदकाची नेली होती, कुणाची खास वाढवलेली टर्कीची. मिशीवाला म्हातारा आपली काठी शोधायला लागला.

"गप्प बसा सगळे," स्तामेना म्हणाली.

तिने कोसाराच्या हातून ते अंडं घेतलं, आणि वळवून वळवून पाहिलं. जुनं, गुळगुळीत, किती हातांतून गेलेलं. ना बलक, ना पांढरं. अंडं, आणि अंडं नाही.

"कूम, सकाळपासून याने किती जणांची फोडलीत?"

"बरीच," रातोमिर खालमानेने म्हणाला.

"म्हणजे वर लागलेलं असणार." ती घमेल्यापाशी गेली, पाणी ओतून टाकलं, नवं घेतलं, साबण लावून ते लाकूड ब्रशने घासलं. मग चुलीवरचं उकळतं पाणी आणून वरून सोडलं, परत घासलं, टॉवेल बदलून पुसलं. मग रातोमिरला बखोटीला धरून उठवलं आणि त्याचेही हात घासले, कोपरापर्यंत. तो अजिंक्य वीर लहान पोरासारखा हात पुढे करून उभा राहिला.

मग ती सुनेपुढे आली. तिच्या हातावर ते लाकडी अंडं होतं.

"इसिदोरा, बघ. तू हो म्हणालीस तर. नाही म्हणालीस तर आत्ता चुलीत घालते."

इसिदोराने ते घेतलं, उजेडात धरलं, नाकाशी नेऊन हुंगलं, स्वतःच्या मनगटावर घासून पाहिलं. मग मान हलवली.

रातोमिरने अंडं वुकानच्या गालाला इतकं हलकं टेकवलं की जणू तेच फुटेल. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"या अंड्यासारखा लाल..."

"लाल नको," स्तामेना म्हणाली. "लाल म्हणू नका हो त्याला. बरा हो म्हणा. नुसता बरा हो."

"बरा हो," रातोमिर म्हणाला.

आणि मग सगळी आळी पोराच्या गालाकडे बघत उभी राहिली. माणसं फाटकातून आत सरकली, मागच्यांनी टाचा उंचावल्या.

"काय होतंय?" मागून कुणीतरी विचारलं.

"काही नाही," कोसाराने सांगितलं.

"अजून?"

"अजून काही नाही."

वुकानने ते अंडं दोन्ही हातांनी पकडलं, तोंडात घातलं आणि नव्या दाढेने चावायला लागला. गाल तसेच पांढरे. लोकांच्या चहाला उशीर झाला, कुणाच्या घरी भाजलेलं कोकरू करपायला लागलं, पण कुणी हललं नाही. काहीच होत नव्हतं, आणि ते सगळ्यांना बघायचं होतं. स्तामेना पायरीच्या कडेला बसून एप्रनच्या टोकाने नाक पुसत होती.

दुपारी घर रिकामं झालं, तेव्हा इसिदोराने पिशवीतून मलमाचा मोठा डबा काढला आणि सासूच्या मांडीवर ठेवला.

"आई, हा इथलाच. संपायच्या आधी फोन करा, दुसरा आणते. मला मंगळवारी कामावर रुजू व्हायचंय."

स्तामेनाने डबा उघडला, बंद केला, आणि लाल पाळण्यातल्या कापडांच्या शेजारी नेऊन ठेवला. मग तिने तसबिरीपाशी पाहिलं. राखणीची जागा रिकामी होती. लाकडी अंडं वुकानच्या मुठीत होतं, लाळेने माखलेलं, आणि तो झोपला होता. तिने ते काढून घेतलं नाही. त्याच्या गालावर हात फिरवायला गेली, थांबली, आणि आधी घमेल्याशी जाऊन हात धुवून आली.